मागचा खड्डा आणि समुद्रातली बुरशी: सोलापुरातल्या एका टॉवेल कारखान्याचं प्रकरण

ओळख पटू नये म्हणून कारखान्याचं नाव, नेमकी जागा आणि माणसांची नावं इथे दिलेली नाहीत. मी सूक्ष्मजीवशास्त्र शिकवते. एका बुरशीच्या पावडरीवर पैसे घालावेत की नाही, एवढ्याच प्रश्नासाठी मला बोलावलं होतं. पण त्या प्रश्नाचं उत्तर देता देता कारखान्याच्या पॅकिंगपर्यंत जावं लागलं.

पार्श्वभूमी

अक्कलकोट रोडच्या बाजूला टॉवेलचे बरेच कारखाने आहेत, त्यातलाच हा एक. फार मोठा नाही, अगदी लहानही नाही. माग, शिलाई, घडी आणि पॅकिंग एकाच आवारात. मालकांना सगळे नाना म्हणतात. घरी तेलुगू, मागावर मराठी, बाहेरच्या गिऱ्हाइकाशी हिंदी, हे सोलापूरच्या पूर्व भागात नवं नाही. धाकटा मुलगा टेक्स्टाइलचा डिप्लोमा करून धंद्यात आला आणि पॅकिंग आणि खरेदी त्याच्याकडे आली.

धंदा सुताचा, पण आवारात प्लास्टिक किती येतं ते मोजायला बसल्यावरच कळतं. सूत कोनावर, म्हणजे शंकूच्या आकाराच्या पोकळ रिळावर, येतं आणि कोन प्लास्टिकचे. कोन ज्या गोणीत येतात ती विणलेली पीपीची (पॉलिप्रॉपिलीनची), तिच्या आत एलडीची (लो-डेन्सिटी पॉलिइथिलीनची) पातळ पिशवी. माल बाहेर जाताना प्रत्येक टॉवेलला एक चकचकीत पिशवी, डझनाला एक मोठी, गठ्ठ्याला वरून एलडीचं गुंडाळण आणि पट्ट्या. फाटलेलं, चुकीचं छापलेलं, तेल लागलेलं असं सगळं मागच्या खड्ड्यात जायचं. शेड बांधताना भरावासाठी मुरूम काढला होता, तो खड्डा तसाच राहिलेला. सुटीच्या दिवशी कुणीतरी काडी लावायचं आणि खड्ड्यात पुन्हा जागा व्हायची. वर्षानुवर्षं हे असंच चाललेलं, आणि शेजारच्या दोन-तीन कारखान्यांतही यापेक्षा वेगळं काही नव्हतं.

अडचण

मागच्या बाजूला वस्ती वाढली. धुराची तक्रार झाली आणि नोटीस आली. उघड्यावर कचरा जाळण्याबद्दल राष्ट्रीय हरित लवादानं २०१६ सालीच दंड ठरवून दिला आहे: साध्या प्रकरणात ५,००० रुपये, मोठ्या प्रमाणावर जाळलं तर २५,०००. नानांना रकमेपेक्षा नोटिशीचा कागद जास्त लागला. "चाळीस वर्षांत सेल्स टॅक्सवाल्यानंसुद्धा असा कागद दिला नाही," असं ते दोनदा म्हणाले.

जाळणं त्या दिवशी बंद झालं. खड्डा मात्र भरतच राहिला.

याच सुमाराला एक विक्रेता आला. त्याच्याकडे पावडर होती. 'समुद्रातली प्लास्टिक खाणारी बुरशी', खड्ड्यात टाका, पाणी मारा, काही महिन्यांत खड्डा मोकळा. वर्षाचा करार लाखाच्या आसपास. सोबत वर्तमानपत्रातली कात्रणं आणि एका काचेच्या नळीचा फोटो. मुलानं त्यातली बातमी मोबाइलवर शोधली, ती खरी निघाली. म्हणून तो नानांपुढे ठाम होता: "नाना, हे भोंदू नाही. हॉलंडच्या शास्त्रज्ञांनी सिद्ध केलंय."

नाना म्हणाले, "मग हॉलंडला खड्डे नसतील. आधी मॅडमना विचारू."

बातमीत काय होतं

मुलगा म्हणत होता ते खोटं नव्हतं. नेदरलँड्समधल्या रॉयल नेदरलँड्स इन्स्टिट्यूट फॉर सी रिसर्च या संस्थेतल्या अ‍ॅनिका वाक्स्मा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२४ मध्ये एका समुद्री बुरशीवरचं काम प्रसिद्ध केलं. बुरशीचं नाव पॅरेंजियोडोंटियम अल्बम. उत्तर पॅसिफिक महासागरात जिथे प्रवाहांमुळे तरंगता कचरा गोळा होतो, तिथल्या प्लास्टिकवरच्या पातळ जिवंत थरातून ती वेगळी काढलेली. प्रयोगशाळेत तिनं पॉलिइथिलीन खरोखर पचवलं.

हे पचवलं कशावरून, हा यातला सगळ्यात महत्त्वाचा भाग आहे. त्यांनी पॉलिइथिलीन असं बनवून घेतलं की त्यातला कार्बन ओळखता यावा. नेहमीच्या कार्बनपेक्षा किंचित जड असलेला कार्बन-१३ त्यात भरला. मग तो जड कार्बन कुठे जातो याचा माग काढला. बराचसा कार्बन डायऑक्साइड होऊन बाहेर पडला, थोडासा बुरशीच्या अंगी लागला. प्लास्टिकचा कार्बन वायूत सापडला म्हटल्यावर शंकेला जागा उरत नाही. नुसतं 'तुकडा हलका झाला' एवढ्यावर कुणी दावा केला असता तर मी तरी मान डोलावली नसती.

त्याच बातमीत दोन गोष्टी होत्या, ज्या विक्रेत्याच्या कात्रणात नेमक्या दिसत नव्हत्या.

पहिली, वेग. दिवसाला साधारण ०.०५ टक्के. तेही प्रयोगशाळेत, बुरशीला मानवेल अशा परिस्थितीत.

दुसरी, ऊन. ज्या पॉलिइथिलीननं अतिनील किरण खाल्लेले होते तेवढंच ही बुरशी पचवू शकली. हे का, ते समजायला सोपं आहे. पॉलिइथिलीन म्हणजे कार्बनला कार्बन जोडलेली लांबच लांब साखळी. विकराला, म्हणजे बुरशी सोडते त्या पाचक रसाला, पकडायला त्यात कुठे खाच नसते. ऊन त्या साखळीत ऑक्सिजन घुसवतं, साखळी जागोजागी तुटते, आणि मग बुरशीला तोंड लावायला जागा मिळते. पॉलियुरेथेनचं तसं नाही. त्याच्या साखळीत आधीच तुटू शकणारे सांधे असतात. म्हणून हवाई विद्यापीठातल्या गटानं तिथल्या किनाऱ्याजवळून गोळा केलेल्या समुद्री बुरशी पॉलियुरेथेनवर तपासल्या तेव्हा ६० टक्क्यांहून जास्त प्रकारांनी थोडीफार पचवण्याची ताकद दाखवली, आणि त्यातल्या काहींना पुन्हा पुन्हा तेच खायला घालून तीन महिन्यांत त्यांची वाढ १५ टक्क्यांपर्यंत वाढवता आली. चांगलं काम आहे. पण पॉलियुरेथेन म्हणजे फोम, बुटाचे तळवे, गाद्या. टॉवेलची पिशवी त्यात येत नाही.

मुलाचं पहिलं उत्तर तयार होतं. "मॅडम, ऊन आपल्याकडे फुकट आहे. सोलापुरात उन्हाची काय कमी?"

मुद्दा बिनतोड वाटला आणि मीही दोन मिनिटं विचारात पडले. मे महिन्यात ४३-४४ अंश ही इथे बातमी होत नाही.

समोर आलेले पर्याय

नानांच्या ऑफिसात बसून आम्ही पर्याय कागदावर घेतले. पावडर विकत घ्यायची. पावडर आधी थोड्यावर तपासायची. प्लास्टिक जातवार वेगळं करून भंगारात द्यायचं. मिसळलेलं, मळकं प्लास्टिक सिमेंटच्या भट्टीला इंधन म्हणून द्यायचं. सिमेंटच्या कारखान्यांनी असं सहइंधन घेणं ही मान्य पद्धत आहे. आणि मुळात पिशव्या कमी करायच्या. खड्डा बुजवून टाकावा आणि विषय संपवावा असा सहावा पर्याय नानांनी मांडला. तो त्यांच्याच मुलानं खोडला.

त्या दिवशी यापैकी काहीच ठरलं नाही. मी फक्त एक मागितलं: आठवडाभर सगळं वजन करा, जातवार. पॅकिंगमधल्या बायकांनी ते काम आमच्यापेक्षा नेमकं केलं. पिशवी दोन अंगठ्यांत धरून ताणायची. ताणली जाऊन पांढुरकी पडली तर एलडी, कडकड वाजून फाटली तर पीपी. भंगारवाल्याकडून शिकलेली ही युक्ती त्यांना आधीच माहीत होती, फक्त कुणी विचारलं नव्हतं.

आठवड्याचा आकडा आला: रोज साधारण १५ किलो. त्यात एलडी पाच किलोच्या घरात. बाकी बहुतेक पीपी, म्हणजे गोण्या आणि टॉवेलच्या चकचकीत पिशव्या, आणि थोडं बिनओळखीचं.

डच संशोधन पॉलिइथिलीनवरचं. एलडी हे पॉलिइथिलीन. पीपी नव्हे. म्हणजे बातमी शब्दशः खरी धरली, पावडरीत खरोखर तीच बुरशी आहे असं धरलं, तरी खड्ड्यातल्या दोन-तृतीयांश मालाला ती लागूच नव्हती.

गणित

उरलेल्या पाच किलोंचा हिशेब नानांनी स्वतः मांडला, पाठकोऱ्या बिलावर.

वर्षाचे तीनशे कामाचे दिवस धरले तर वर्षाला दीड टन एलडी. दिवसाला ०.०५ टक्के म्हणजे दीड टनातून रोज पाऊण किलो. आणि रोज येणार पाच किलो. "म्हणजे हा जेवणार पाऊण किलो आणि मी वाढणार पाच," नाना म्हणाले. मग त्यांनीच उलटा प्रश्न विचारला: रोज पाच किलो संपायला ढीग केवढा पाहिजे? पाचाला ०.०००५ नं भागलं की येतात १०,००० किलो. दहा टन. म्हणजे बुरशीनं रोजच्या आवकेची बरोबरी करावी तर आवारात कायम दहा टन एलडीचा ढीग सांभाळावा लागेल. तोही पसरून, उन्हात, ओला ठेवून.

मला वाटतं निम्मा निर्णय तिथेच झाला. बुरशी प्लास्टिक खाते का, याचं उत्तर हो असूनही कारखान्याला उपयोग शून्य, हे एका भागाकारानं दिसलं. समुद्राचं गणित वेगळं आहे. जगात वर्षाला ४० कोटी टनांहून जास्त प्लास्टिक बनतं. त्यातलं जे पाण्यात जाऊन पडलं, पसरलं, ते सगळं गोळा करून आणणं कुणाला जमणार नाही. तिथे दिवसाला ०.०५ टक्के हीसुद्धा मोठी गोष्ट आहे, कारण तिथे दुसरा उपाय फारसा नाही. शिवाय समुद्रात गेलेलं आणि वर दिसतं ते, यांचा मेळ बसत नाही. काही बुडतं, काही किनाऱ्याला लागतं, आणि काही जीव पचवत असतील तर तो हिशेब माहीत व्हायला हवा. त्या संशोधनाचं मोल तिथे आहे. हातात असलेली पिशवी त्याच्या भरवशावर खड्ड्यात टाकायची, हे मात्र त्यातून निघत नाही.

मुलाचा एक मुद्दा अजून शिल्लक होता: आपलं प्लास्टिक शेवटी समुद्रातच जातं ना? थोडं जातंही. नाल्यातून सीना किंवा भीमा, भीमा रायचूरजवळ कृष्णेत आणि कृष्णा बंगालच्या उपसागरात. पण वाटेत श्रीशैलम आहे, नागार्जुनसागर आहे, विजयवाड्याचा बांध आहे. इथून निघालेलं बरंचसं कुठल्या तरी काठावर, गाळात, बाभळीच्या काट्यात अडकून बसणार. तिथे त्या समुद्री बुरशीचा भरवसा नाही.

टॉवेल की पिशवी?

विक्रेत्याला मी फोनवर चार प्रश्न विचारले. बुरशीची जात कोणती? कुठल्या प्लास्टिकवर तपासली? वजन घटलं म्हणता, ते धुऊन मोजलं की तसंच? आणि बुरशी न टाकलेल्या तुकड्याचं काय झालं? पहिल्याला "अनेक जातींचं मिश्रण" असं उत्तर आलं. दुसऱ्याला "सगळ्या". पुढच्या दोघांना "टेक्निकल टीम कळवेल". त्यांनी कळवलं नाही.

वजनाचा प्रश्न उगाच नव्हता. अशा प्रयोगांत बुरशीचे धागे प्लास्टिकला चिकटले तर वजन वाढतं. प्लास्टिकमधली मऊपणासाठी घातलेली रसायनं पाण्यात उतरली तर वजन घटतं, आणि प्लास्टिक मात्र जागच्या जागी असतं. कोपरा तुटून बरणीच्या तळाशी गेला तरी वजन घटतं. मन्नारच्या आखातातल्या किनाऱ्यावरच्या प्लास्टिकवरून काढलेल्या अ‍ॅस्परजिलस जातीच्या बुरशींवर आपल्याकडे काम झालं आहे आणि त्यात महिनाभरात काही टक्के वजन घटल्याचं २०१५ मध्ये प्रसिद्ध झालं. डच आकडा आणि हा आकडा शेजारी ठेवले की मोजण्याच्या पद्धतीनं चित्र किती बदलतं ते दिसतं.

पण नानांना या कशापेक्षा दुसऱ्याच गोष्टीनं खडबडून जागं केलं. मी सहज म्हटलं की बुरशीला प्लास्टिकपेक्षा कापूस कितीतरी सोपा. दुसऱ्या महायुद्धात सॉलोमन बेटांवर अमेरिकन सैन्याचे सुती तंबू कुजायला लागले, तेव्हा त्या कापडावर सापडलेली बुरशी म्हणजे ट्रायकोडर्मा रीसाय. ती कापसाचा सेल्युलोज इतक्या झपाट्यानं पचवते की आज तिचीच विकरं कापडधंद्यात वापरली जातात. मुलगा एकदम म्हणाला, "बायोपॉलिशिंगचं एन्झाइम!" बरोबर, तेच. टॉवेलवरचे बारीक तंतू साफ करायला आपण जे पैसे देऊन आणतो ते.

नाना थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "म्हणजे सुताच्या गोदामामागे मी ओल्या बुरशीचा खड्डा करायचा. आणि 'अनेक जातींचं मिश्रण'. ती आधी माझा टॉवेल खाईल की पिशवी?"

आरोग्याचाही प्रश्न होताच. सुताच्या धुळीत काम करणाऱ्यांच्या छातीचे त्रास सोलापूरला नवे नाहीत, त्यात बुरशीचे बीजाणू उडवायचे. बातमीतली बुरशीसुद्धा फक्त समुद्रात राहते असं नाही. ती जुन्या भिंतींवर, भित्तिचित्रांवरही सापडते, आणि क्वचित माणसाला संसर्ग केल्याच्या वैद्यकीय नोंदी आहेत. गंमत म्हणजे आमच्या प्रयोगशाळेत रोज वापरलं जाणारं प्रोटिनेज-के हे विकर याच बुरशीतून मिळालेलं. घाबरून जावं असं तिच्यात काही नाही. पण न विचारता पोतंभर पसरावं असंही काही नाही.

गच्चीवरची चाचणी

यानंतर करार करण्याचा प्रश्न उरला नव्हता. तरी मुलाला स्वतः बघायचं होतं, आणि मला ते पटलं. विक्रेत्यानं दिलेलं नमुन्याचं पाकीट होतंच.

एलडीच्या एकाच गुंडाळीतून पट्ट्या कापल्या. निम्म्या गुढीपाडव्याच्या सुमाराला गच्चीवर ताणून बांधल्या, निम्म्या कपाटात अंधारात. मृगापर्यंत गच्चीवरच्या पट्ट्या पापडासारख्या झाल्या होत्या, चिमटीत धरली की मोडायची. मग दोन्ही प्रकारच्या पट्ट्या बरण्यांत घातल्या. एका बरणीत पावडर, एकीत उकळून मारलेली पावडर, एकीत नुसतं पाणी आणि क्षार. खंडेनवमीला मागांची पूजा झाली, त्यानंतरच्या आठवड्यात बरण्या उघडल्या.

उन्हातली पट्टी तिन्ही बरण्यांत सारखीच मोडली होती. कपाटातली तिन्हींत शाबूत. धुऊन, वाळवून केलेल्या वजनात विश्वास ठेवावा असा फरक नव्हता. म्हणजे खड्ड्यात जे 'गायब होताना' दिसलं असतं, ते काम उन्हानं केलेलं असतं आणि गायब काहीच झालं नसतं. डोळ्यांना न दिसणारे तुकडे मातीत मिसळले असते.

जिवंत पावडरीच्या बरणीत एका पट्टीवर काळपट बुरशी छान वाढली होती. मुलानं ती भिंगाखाली धरली आणि हसायला लागला. वाढ पट्टीभर नव्हती. पट्टीला कारखान्यातला सुताचा एक बारीक धागा चिकटून आला होता, आणि बुरशी त्या धाग्याच्या रेषेतच होती.

यावरून समुद्री बुरशींबद्दल काही सिद्ध होत नाही. त्या पाकिटात समुद्री बुरशी होती की नव्हती हेही यातून कळत नाही. एवढंच कळलं की या पावडरीनं, या प्लास्टिकवर, या महिन्यांत काही केलं नाही. आणि खड्ड्यात तर बरणीएवढी ओलही मिळाली नसती. आपली कडक भाकरी महिनोन्‌महिने बुरशीवाचून टिकते ती पाणी नसल्यामुळेच, आणि सोलापूरची जमीन वर्षातले आठ महिने त्याच अवस्थेत असते.

काय केलं

नोटिशीला मुदत होती, त्यामुळे बरण्या उघडेपर्यंत थांबणं शक्यच नव्हतं. नाना म्हणाले, "तुमचा प्रयोग चालू दे, मला उत्तर द्यायचंय." म्हणून वेगळं करण्याचं काम पाडव्याच्या आधीच सुरू झालं होतं.

पॅकिंगच्या टेबलाखाली तीन गोण्या बांधल्या: एलडी, पीपी, उरलेलं. कोन धुऊन मोजून सूतगिरणीला परत, तशी सोय आधीपासून होती पण निम्मे कोन खड्ड्यात जात होते. एलडी आणि पीपीला गठ्ठे बांधून भंगारवाला घेतो. तिथून ते वितळवून प्लास्टिकचा दाणा करणाऱ्यांकडे जातं.

इथे उन्हाचा मुद्दा उलटा फिरला, तो सांगण्यासारखा आहे. पहिले काही गठ्ठे जागेअभावी गच्चीवर ठेवले होते. भंगारवाल्यानं भाव पाडला. उन्हानं कडक झालेल्या एलडीचा दाणा चांगला होत नाही, त्याची साखळी आधीच तुटलेली. जे ऊन बुरशीला हवं तेच पुनर्वापराला नको. दोन्ही वाटा एकाच ढिगाला लागू होत नाहीत, एक निवडावी लागते. नानांनी सावली निवडली आणि गठ्ठे जिन्याखाली आणले.

सिमेंटच्या भट्टीचा पर्याय कागदावर उत्तम होता, प्रत्यक्षात अडला. एका कारखान्याचं मळकं प्लास्टिक महिन्याला एक टेम्पोही भरत नाही आणि अर्ध्या टेम्पोसाठी कुणी येत नाही. पाच-सहा कारखान्यांनी मिळून एका जागी गोळा केलं तर जमेल. त्यासाठी जागा कुणाची आणि आग लागली तर जबाबदारी कुणाची, या दोन प्रश्नांवर बैठक दोनदा उठली.

पिशव्या कमी करण्याचं काम मुलानं अंगावर घेतलं. स्थानिक घाऊकवाल्यांसाठी प्रत्येक टॉवेलची पिशवी काढून डझनाला एक पिशवी आणि टॉवेलला कागदी पट्टी. घाऊकवाल्यांपैकी बहुतेकांना काही फरक पडला नाही. चाटी गल्लीतल्या एका जुन्या दुकानदारानं मात्र माल परत पाठवला, "पिशवीशिवाय टॉवेल गिऱ्हाइकाला सेकंड वाटतो" म्हणून. त्याचंही चूक नाही. त्याचा माल पुन्हा पिशवीत जातो.

काय झालं

खड्ड्यात नवं काही जात नाही. जाळणं बंद आहे, नोटीस मिटली, दंड झाला नाही. पीपीची रोजची आवक डोळ्यांत भरण्याइतकी कमी झाली, एलडीची फारशी नाही, कारण गठ्ठ्यावरचं गुंडाळण आहे तिथेच आहे. भंगारातून येणारे पैसे पॅकिंगमधल्या बायका आपसात वाटून घेतात. वेगळं करण्याचं काम टिकलं आहे ते मला वाटतं त्यामुळेच. मुलानं लावलेली सूचनापाटी केव्हाच गळून पडली.

'उरलेलं'ची गोणी अजून घंटागाडीत जाते. ती पुढे तुळजापूर रोडच्या कचरा डेपोवर जाणार हे सगळ्यांना माहीत आहे.

जुना खड्डा जसाच्या तसा आहे. नानांना त्यावर काँक्रीट टाकून गाड्या लावायला जागा हवी आहे. मुलाला तो उकरायचा आहे. आत अर्धवट जळालेलं प्लास्टिक, राख, छपाईची शाई असं सगळं एकजीव झालेलं, ते आता वेगळं होणार नाही. हलवण्याआधी राखेचा नमुना तपासून घ्या, एवढंच मी सांगितलं आहे.

वेगळं काय करता आलं असतं

वजन आधी व्हायला हवं होतं, विक्रेता दारात येण्याच्याही आधी. १५ आणि ५ हे दोन आकडे हाती असते तर पावडरीची चर्चा एका चहात संपली असती. शेजारच्या कारखान्यांनी अजूनही वजन केलेलं नाही, म्हणून एकत्र गोळा करण्याच्या बैठकीत प्रत्येकजण आपापला अंदाज सांगतो आणि टेम्पो भरेल की नाही हे कुणालाच ठरवता येत नाही.

चाचणीत पीपीची पट्टी नव्हती. पावडर 'सगळ्या प्लास्टिकवर' चालते असा दावा होता, तर खड्ड्यात जे जास्त होतं त्याचीच पट्टी घ्यायला हवी होती. मुलानं ती पुढच्या पाडव्यासाठी कापून ठेवली आहे.

आणि पिशवीचा विषय गिऱ्हाइकापुढे माल तयार झाल्यावर गेला. हॉटेलांच्या ऑर्डरमध्ये पॅकिंग कसं हवं ते ऑर्डरमध्येच लिहून येतं. ते तेव्हाच विचारलं तर बदलता येतं, माल गठ्ठ्यात गेल्यावर नाही. आता मुलगा भाव पाठवतानाच दोन प्रकारच्या पॅकिंगचे दर लिहितो. एका हॉटेलवाल्यानं डझनाच्या पिशवीला होकार दिला आहे, दुसऱ्यानं नमुना मागवला आहे.